वायरलेस कीबोर्ड घ्यायचाय? बटणं बघण्याआधी कनेक्शन बघा

दुकानात जा नाहीतर ऑनलाइन बघा, प्रत्येक बॉक्सवर एकच शब्द मोठ्ठा छापलेला असतो, वायरलेस, आणि खरं सांगायचं तर त्या एका शब्दावरून तुम्हाला काहीही कळत नाही. वायर नाही एवढंच कळतं. पण वायर नाही म्हणजे मग काय आहे, तो कीबोर्ड तुमच्या कॉम्प्युटरशी बोलतो कसा, त्यावरच पुढचं सगळं ठरतं, म्हणजे तो तुमच्या टीव्हीला चालेल का, मोबाईलला चालेल का, ऑफिसच्या जुन्या पीसीला चालेल का, सेल किती दिवस पुरतील, शेजारच्या टेबलावरचा माणूस तुमचा पासवर्ड वाचू शकेल का, सगळंच. लोक मात्र आधी रंग बघतात, लाईट बघतात, बटणांचा आवाज बघतात आणि घरी आणल्यावर विचारतात की हा माझ्या टॅबला का लागत नाहीये.

म्हणून मी उलट्या क्रमाने सांगणारे. आधी कनेक्शन, मग बॅटरी, मग बटणं, आणि मराठीत टाईप करत असाल तर एक वेगळाच मुद्दा आहे जो कुठल्याही इंग्रजी रिव्ह्यूमध्ये सापडणार नाही, तो नक्की वाचा.

जुने प्रकार, जे आता घ्यायचे नाहीत

वायरलेस कीबोर्ड ही काही कालपरवाची गोष्ट नाही. आयबीएमचा पीसी ज्युनियर नावाचा घरगुती कॉम्प्युटर १९८४ मध्ये बाजारात आला त्याच्यासोबत बिनवायरचा कीबोर्ड होता, तो इन्फ्रारेडवर चालायचा, म्हणजे आपल्या टीव्हीच्या रिमोटसारखाच. त्यामुळे कीबोर्ड आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये काही आलं, हात आला, पुस्तक आलं, की टाईप होणं बंद. हा प्रकार कीबोर्डमधून जवळपास गेलाच.

त्यानंतर आले २७ मेगाहर्ट्झवाले. त्यांचा रिसीव्हर चांगला माऊसएवढा मोठा आणि वायरवाला असायचा, टेबलावर ठेवायला लागायचा, रेंज कशीबशी दोन मीटर, आणि ऑफिसमध्ये दोन जणांकडे तसेच कीबोर्ड असले की एकाचं टाईप केलेलं दुसऱ्याच्या स्क्रीनवर उमटायची शक्यता. अजूनही जुन्या सामानाच्या दुकानात किंवा कुणाच्या तरी माळ्यावर असा एखादा सेट मिळतो. फुकट मिळाला तरी घेऊ नका, कारण पुढे सिक्युरिटीच्या भागात सांगतो.

डोंगलवाले

आज बाजारात जे कीबोर्ड-माऊस कॉम्बो सर्रास दिसतात, साधारण हजार-पंधराशेच्या आसपासचे, ते बहुतेक याच प्रकारचे. बॉक्समध्ये नखाएवढा यूएसबी डोंगल असतो, तो पीसीला लावला की काम सुरू. हे २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओवर चालतं. बॉक्सवर २.४जी असं लिहिलेलं असतं, त्याचा मोबाईलच्या ४जी-५जीशी काही संबंध नाही, हे सांगायला लागतं कारण बरेच लोक विचारतात की सिम लागतं का, किंवा इंटरनेट लागतं का. दोन्ही लागत नाही.

डोंगलची सगळ्यात मोठी ताकद काय आहे तर कॉम्प्युटरला हा कीबोर्ड वायरलेस आहे हे कळतच नाही. त्याच्या दृष्टीने यूएसबी पोर्टला एक साधा कीबोर्ड लावलाय, बस. रेडिओचं सगळं काम डोंगल आणि कीबोर्ड आपापसात करतात. त्यामुळे ड्रायव्हर शोधायला लागत नाही, पेअरिंग, म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन जोडी जमवणं, करायला लागत नाही, आणि मुख्य म्हणजे विंडोज सुरू होण्याच्या आधीसुद्धा तो चालतो. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये जायचंय, नवीन विंडोज टाकायचंय, सुरुवातीलाच बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजच्या डिस्कला लावलेल्या कुलपाचा पिन टाकायचाय, अशा वेळी डोंगलवाला कीबोर्ड साथ देतो आणि ब्लूटूथवाला बहुतेक वेळा देत नाही. ज्यांच्याकडे डेस्कटॉप पीसी आहे त्यांना मी डोळे झाकून डोंगलवाला घ्या म्हणतो त्याचं कारण हेच.

आता त्याचा कमकुवत भाग, डोंगल हरवला की काय? इथे कंपनी-कंपनीत फरक आहे. स्वस्त कॉम्बोमध्ये कीबोर्ड आणि डोंगल यांची जोडी कारखान्यातच लावलेली असते, डोंगल गेला की चांगला कीबोर्ड भंगारात, दुसरा डोंगल बसत नाही. लॉजिटेकने २००९ मध्ये युनिफाइंग नावाचा रिसीव्हर आणला, त्याच्यावर केशरी रंगाचं छोटंसं चिन्ह असतं, त्या एका डोंगलवर सहा वस्तू जोडता येतात आणि हरवला तर नवीन डोंगल घेऊन सॉफ्टवेअरमधून परत जोडता येतो. मग २०२१ मध्ये त्यांनीच लॉजी बोल्ट आणला, तोही सहा वस्तू घेतो, सिक्युरिटी जास्त चांगली आहे, पण युनिफाइंगवाला कीबोर्ड बोल्टच्या डोंगलला लागत नाही आणि बोल्टवाला युनिफाइंगला लागत नाही. दिसायला दोन्ही सारखेच काळे नखाएवढे तुकडे, त्यामुळे नुसता डोंगल विकत घेताना आधी कीबोर्ड उलटा करून खाली कुठलं चिन्ह आहे ते बघा. आणि लॉजिटेकचा आहे म्हणजे युनिफाइंग असणारच असंही नाही, त्यांच्या स्वस्त कॉम्बोत साधा डोंगल असतो.

डोंगल नवीन लॅपटॉपला लावायला बहुतेक वेळा यूएसबीचं मोठं पोर्ट लागतं हेही लक्षात ठेवा. बारीक लॅपटॉपला आता नुसते टाईप-सी पोर्ट असतात, मग त्याला कन्व्हर्टर आला, म्हणजे अजून एक हरवायची वस्तू.

टाईप करताना अक्षरं गळतात, का?

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की त्याला वेगळी जागा द्यायला हवी. कीबोर्ड नवा आहे, सेल नवे आहेत, तरी मधूनच एखादं अक्षर उमटत नाही किंवा एकच अक्षर पाच-सहा वेळा उमटतं, आणि माणूस कंपनीला शिव्या घालत कीबोर्ड परत पाठवतो. बऱ्याचदा दोष कीबोर्डचा नसतोच, डोंगल लावलेल्या जागेचा असतो.

यूएसबी ३ च्या पोर्टमधून, म्हणजे ज्याच्या आतली पट्टी बरेचदा निळी असते त्या पोर्टमधून, डेटा जोरात जात असताना जो रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो. इंटेलने २०१२ मध्ये याच्यावर एक सविस्तर पेपर काढला होता. म्हणजे तुम्ही डोंगलच्या शेजारच्या पोर्टला बाहेरची हार्ड डिस्क लावली आणि कॉपी सुरू केली की कीबोर्ड अडखळणार, माऊस तुटक चालणार. उपाय अगदी स्वस्त आहे, डोंगल यूएसबी २ च्या पोर्टला लावा, किंवा हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेंशन केबल घेऊन डोंगल पीसीपासून लांब, टेबलावर कीबोर्डच्या समोर आणून ठेवा. सीपीयूच्या मागच्या बाजूला, लोखंडी डब्याच्या आड आणि तोही टेबलाखाली असा डोंगल लावला असेल तर सिग्नलला डबा ओलांडून यायला लागतं, म्हणून पुढच्या पोर्टला लावला तरी पुष्कळ फरक पडतो. लोखंडी टेबल असेल तर तेही आड येतं.

वायफायसुद्धा याच पट्ट्यात चालतं, मायक्रोवेव्हही इथेच गोंधळ घालतो. राऊटर अगदी कॉम्प्युटरला खेटून ठेवला असेल तर थोडा लांब करा, किंवा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर टाका. कीबोर्डचा डेटा इतका किरकोळ असतो की नेहमीच्या घरात हे सगळं एकत्र सुखाने चालतं, पण दाटीवाटीच्या ऑफिसात जिथे वीस-पंचवीस डोंगल एका खोलीत आहेत तिथे त्रास होतो आणि तो त्रास खरा असतो.

ब्लूटूथवाले

ब्लूटूथसुद्धा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं, फरक हा की इथे वेगळा डोंगल नसतो, कॉम्प्युटर किंवा मोबाईलच्या आत जो ब्लूटूथ रेडिओ असतो त्याच्याशीच कीबोर्ड जोडला जातो. आणि तो एका चॅनलवर बसून राहत नाही, जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये ७९ चॅनल असतात आणि सेकंदाला १६०० वेळा चॅनल बदलला जातो, ज्या चॅनलवर गर्दी आहे तो टाळला जातो. २०१० च्या ब्लूटूथ ४.० पासून लो एनर्जी नावाचा प्रकार आला, त्यात ४० चॅनल आहेत आणि बॅटरी फार कमी लागते, आजचे बरेचसे नवे ब्लूटूथ कीबोर्ड यावरच चालतात. त्यामुळे तुमचा लॅपटॉप खूपच जुना असेल, ब्लूटूथ ४ च्या आधीचा, तर नवा कीबोर्ड लिस्टमध्येच दिसणार नाही आणि तुम्ही उगाच बटणं दाबत बसाल.

ब्लूटूथचा खरा उपयोग मोबाईल, टॅब, आयपॅड आणि लॅपटॉप ज्यांना एकाच कीबोर्डवर हवेत त्यांना. चांगल्या ब्लूटूथ कीबोर्डवर १, २, ३ अशी तीन बटणं असतात किंवा एफएन (Fn) लिहिलेल्या बटणासोबत दाबायची असतात, एकाला लॅपटॉप, दुसऱ्याला मोबाईल, तिसऱ्याला टॅब असं एकदा जोडून ठेवलं की बटण दाबलं की झालं. मोबाईलवर मोठमोठे मेसेज लिहिणारे, ट्रेनमध्ये टॅबवर लेख लिहिणारे, पोस्ट लिहिणारे यांच्यासाठी याच्यासारखी गोष्ट नाही, अंगठे दुखणं बंद होतं.

जोडायची पद्धत सगळीकडे साधारण सारखीच. कीबोर्ड चालू करा, पेअरिंगचं बटण किंवा १ नंबरचं बटण तीन-चार सेकंद दाबून धरा, लाईट भराभर लुकलुकायला लागली पाहिजे, सावकाश लुकलुकत असेल तर तो अजून जुन्याच डिव्हाइसला शोधतोय. मग मोबाईल किंवा लॅपटॉपच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये त्याचं नाव येईल, त्याच्यावर टॅप करा. काही वेळा स्क्रीनवर सहा आकडे येतात आणि लोक ते मोबाईलच्या स्क्रीनवर टाकायला बघतात, तसं नाही, ते आकडे त्या नव्या कीबोर्डवर टाईप करायचे आणि एंटर दाबायचं. स्क्रीनवर काहीच उमटत नाही तरी टाईप करत राहा, होतं बरोबर. आधी जोडला होता आणि आता जोडला जात नाहीये असं झालं तर सेटिंगमधून त्याचं नाव आधी काढून टाका, फर्गेट करा, आणि नव्याने पेअर करा, अर्धमेलं जुनं पेअरिंग हेच बहुतेक वेळा कारण असतं.

आता ब्लूटूथचे तोटे. काही मिनिटं हात लावला नाही की कीबोर्ड झोपतो आणि परत टाईप करायला लागलं की पहिली एक-दोन अक्षरं गिळतो. पासवर्ड टाकताना हे फार चिडवतं, कारण ठिपके दिसतात आणि एक ठिपका कमी आहे हे लक्षात येत नाही, म्हणून आधी शिफ्ट दाबून त्याला जागं करायचं आणि मग टाईप करायचं अशी सवय लावून घ्या. दुसरं म्हणजे डेस्कटॉप पीसींना पुष्कळदा ब्लूटूथ नसतंच, विशेषतः असेंबल केलेल्या आणि जुन्या पीसींना, मग ब्लूटूथचा वेगळा यूएसबी अडॅप्टर घ्यायला लागतो. घेण्याआधी विंडोजच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ चालू-बंद करायचं बटण दिसतंय का एवढं बघितलं तरी पुढचा मनस्ताप वाचतो. आणि बायोसचं आधी सांगितलंच, ब्लूटूथ जागं व्हायला बहुतेक ठिकाणी आधी विंडोज जागं व्हायला लागतं. म्हणून नुसता ब्लूटूथ कीबोर्ड असेल तर घरात एक जुना वायरवाला कीबोर्ड पडलेला असू द्या, फेकू नका.

तिन्ही एकात

गेल्या काही वर्षांत ट्राय-मोड म्हणून जे कीबोर्ड आलेत ते मला मनापासून आवडतात. वायर लावा, डोंगल लावा नाहीतर ब्लूटूथवर चालवा, तिन्ही एकाच कीबोर्डमध्ये, मागे किंवा बाजूला एक छोटा स्विच सरकवायचा. कीक्रॉन, रॉयल क्लज, औला अशा कंपन्यांचे मेकॅनिकल कीबोर्ड या प्रकारात भरपूर मिळतात. डेस्कटॉपला डोंगल, मोबाईलला ब्लूटूथ, आणि बॅटरी संपली किंवा बायोसमध्ये जायचंय तर वायर, असा कुठेच अडत नाही.

एक गोष्ट मात्र बघून घ्या, काही कीबोर्डवर नुसतं ड्युअल मोड लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एका कंपनीकडे ब्लूटूथ आणि डोंगल असा असतो तर दुसरीकडे ब्लूटूथ आणि वायर असा, म्हणजे नावावर जाऊ नका, बॉक्समध्ये डोंगल आहे का ते वाचा. आणि काहींची टाईप-सी वायर फक्त चार्जिंगपुरती असते, त्यातून टाईप होत नाही.

गेम खेळणाऱ्यांसाठी इथेच सांगतो. कॉम्प्युटर कीबोर्डला सेकंदाला किती वेळा विचारतो की काही दाबलं का, त्याला पोलिंग रेट म्हणतात. १२५ वेळा असेल तर दर ८ मिलिसेकंदांनी, १००० वेळा असेल तर दर १ मिलिसेकंदाला. हा १००० चा आकडा चांगल्या डोंगलवर किंवा वायरवर मिळतो, ब्लूटूथवर तेवढा वेग मिळत नाही. लेख लिहिणाऱ्याला यातला फरक आयुष्यात जाणवणार नाही, पण शूटिंगचे गेम खेळत असाल तर ब्लूटूथवर खेळू नका.

सेल की चार्जिंग

याच्यावर लोकांचे वाद होतात पण मला सेलवालेच बरे वाटतात, निदान साध्या कीबोर्डमध्ये. लाईट नसलेला डोंगलवाला किंवा लो एनर्जीवाला कीबोर्ड दोन पेन्सिल सेलवर कित्येक महिने चालतो, आणि संपले की खालच्या किराणा दुकानातसुद्धा सेल मिळतात, दोन मिनिटांत काम सुरू. चार्जिंगवाल्याची आतली बॅटरी तीन-चार वर्षांनी दमली की ती बदलून मिळणं कठीण, मग तो वायर लावूनच वापरायला लागतो.

लाईटवाला कीबोर्ड असेल तर मात्र चार्जिंगचाच घ्या, कारण टाईप करायला जेवढी वीज लागते त्याच्या कितीतरी पट वीज लाईटला लागते. रंगीबेरंगी लाईट सतत चालू ठेवली तर महिनाभर चालणारा कीबोर्ड दोन-चार दिवसांत चार्जिंग मागतो. जाहिरातीत जो बॅटरीचा मोठा आकडा असतो तो लाईट बंद ठेवून मोजलेला असतो, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचा.

आणि कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्यांनी एक काळजी घ्या, पावसाळ्यात कीबोर्ड बरेच दिवस वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. दमट हवेत सेलच्या पत्र्यांना पटकन गंज चढतो आणि सेल फुटून पांढरी पावडर बाहेर आली की चांगला कीबोर्ड वाया जातो. थोडीच पावडर असेल तर कापसावर थोडं व्हिनेगर घेऊन पत्र्या पुसा, नीट कोरड्या होऊ द्या, बऱ्याचदा वाचतो.

सोलरवालेही येऊन गेलेत, लॉजिटेकचा के७५० हा २०१० मधला, घरातल्या ट्यूबलाईटवरसुद्धा चार्ज व्हायचा. कल्पना सुंदर होती.

बटणं आणि साईज

हा भाग थोडक्यात उरकतो कारण यातलं बहुतेक सगळं वायरवाल्या कीबोर्डलाही लागू आहे. साध्या कीबोर्डमध्ये बटणांखाली रबराचा पातळ पडदा असतो, त्याला मेम्ब्रेन म्हणतात, स्वस्त आणि बऱ्यापैकी शांत. लॅपटॉपसारखी चपटी बटणं असतात त्यात रबरासोबत कात्रीसारखी घडी असते, कमी जोरात दाबलं जातं, ब्लूटूथचे बारीक कीबोर्ड जास्त करून तसेच. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्वतःचा स्विच, निळा स्विच टकटक वाजतो, तपकिरी दाबताना बोटाला हलका अडथळा जाणवतो पण वाजत नाही, लाल सरळ खाली जातो. घरात लहान बाळ असेल किंवा रात्री काम करत असाल तर निळा घेऊ नका, घरचे लोक सांगत नाहीत पण त्यांना त्रास होतो. मेकॅनिकल कीबोर्ड उंच असतो, मनगट वर उचलून टाईप करायला लागतं, म्हणून मनगटाखाली पट्टी लागते.

साईजचं म्हणाल तर पूर्ण कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा गट असतो, साधारण १०४ बटणं. दुकानाचा हिशोब, टॅली, एक्सेल, जीएसटीचं काम करणाऱ्यांनी तो सोडून दुसरा घेऊच नये, आकड्यांच्या गटाशिवाय हात फार हळू चालतो. आकडे काढून टाकलेला ८७ बटणांचा, त्याहून छोटा ६१ बटणांचा ज्याला साठ टक्के म्हणतात, त्यात बाणांची बटणंसुद्धा एफएनसोबत दाबायला लागतात. दिसायला गोंडस आहे. पण आता मराठीचा मुद्दा येतो, तो वाचा आणि मग ठरवा.

मराठी टाईप करणाऱ्यांनी इथे थांबा

कीबोर्ड वायरलेस असो की वायरवाला, त्याला भाषा कळत नाही. तो फक्त अमुक जागेचं बटण दाबलं एवढंच सांगतो, क उमटवायचा की के उमटवायचा हे विंडोज किंवा अँड्रॉइड ठरवतं. त्यामुळे मराठी वायरलेस कीबोर्ड असा वेगळा शोधत बसू नका. कुठलाही घ्या, विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदला. अक्षरं दिसायला हवी असतील तर देवनागरीचे स्टिकर मिळतात.

पण कुठलाही घ्या म्हणताना एक मोठी अट आहे, आणि ती इनस्क्रिप्ट, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला ठरलेलं बटण असलेली मांडणी, वापरणाऱ्यांसाठी आहे. इंग्रजी टाईप करणाऱ्याला उजव्या कडेची चिन्हांची बटणं, म्हणजे सेमीकोलन, कंस, बॅकस्लॅश वगैरे, क्वचित लागतात. म्हणून छोटे कीबोर्ड बनवणारे सगळ्यात आधी त्याच बटणांवर कात्री चालवतात, ती अर्ध्या आकाराची करतात, खालच्या ओळीत ढकलतात किंवा एफएनच्या मागे लपवतात. आणि इनस्क्रिप्टमध्ये नेमकी तिथेच आपली रोजची अक्षरं बसलेली आहेत. सेमीकोलनवर च आणि छ, त्याच्या शेजारच्या अवतरणचिन्हावर ट आणि ठ, डाव्या चौकटी कंसावर ड आणि ढ, तिरक्या रेघेच्या म्हणजे स्लॅशच्या बटणावर य, बरोबरच्या चिन्हावर ृ आणि ऋ, आणि बॅकस्लॅशवर ॉ आणि ऑ. विचार करा, च आणि य शिवाय मराठीत एक वाक्य तरी पूर्ण होतं का? घरचा, त्याच्या, करायचंय, यायचंय, सगळीकडे तीच. आणि ऑफिस, कॉलेज, डॉक्टर लिहायला ॉ हवाच.

म्हणजे सात-आठ इंची टॅबसाठी जे घडीचे किंवा बारके ब्लूटूथ कीबोर्ड येतात त्यांच्यावर इंग्रजी मेसेज आरामात होतात पण इनस्क्रिप्ट मराठी लिहायला बसलं की प्रत्येक य ला बोट चुकतं. घेण्याआधी त्याचा वरून काढलेला फोटो मोठा करून बघा, एंटरच्या आसपासची सगळी बटणं पूर्ण आकाराची आणि नेहमीच्या जागी आहेत का. तसंच आकड्यांची ओळ वेगळी असायलाच हवी, कारण शिफ्टसोबत ५ वर ज्ञ, ६ वर त्र, ७ वर क्ष आणि ८ वर श्र आहे. साठ टक्केवाल्या चांगल्या कीबोर्डमध्ये ही सगळी बटणं असतात, त्यामुळे तो इनस्क्रिप्टला चालतो, फक्त बाणांची गैरसोय होते आणि मजकूर दुरुस्त करताना बाण सतत लागतात. माझं मत विचाराल तर मराठी लिहिणाऱ्याने ७५ टक्केवाला, म्हणजे आकड्यांचा गट नसलेला पण बाण असलेला, किंवा ८७ बटणांचा घ्यावा, बाण आहेत, कडेची बटणं शाबूत आहेत आणि टेबलावर माऊसला जागाही उरते.

फोनेटिकवर टाईप करत असाल, म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवत असाल, तर हा त्रास तुम्हाला नाही, छोटा कीबोर्डही चालेल. आणि परीक्षा परिषदेच्या कॉम्प्युटर टायपिंगच्या परीक्षेची तयारी करत असाल तर प्लीज घरी सरावालाही पूर्ण साईजचा साधा कीबोर्डच ठेवा, बोटांना एकाच अंतराची सवय लागू द्या, स्पीड तिथेच मिळतो.

पासवर्ड हवेतून जातोय, मग?

ही भीती उगाच नाही. २७ मेगाहर्ट्झवाल्या एका नामांकित कंपनीच्या कीबोर्डांचं कूटलेखन (एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर गुप्त करून पाठवणं) संशोधकांनी २००७ मध्ये फोडलं, कारण गुप्त किल्ली फक्त एका बाईटची होती, म्हणजे २५६ शक्यता, कॉम्प्युटरला ते तपासायला काहीच वेळ लागत नाही. म्हणून सुरुवातीलाच म्हटलं की तो प्रकार फुकटही नको. २०१६ मध्ये बॅस्टिल नावाच्या अमेरिकन सिक्युरिटी कंपनीने दाखवून दिलं की आठ कंपन्यांचे काही स्वस्त डोंगलवाले कीबोर्ड टाईप केलेलं सगळं उघडंच पाठवतात, कूटलेखन नाहीच, लांबून कुणीही ऐकू शकतो. त्याच वर्षी त्यांनी माऊसजॅक नावाचा दुसरा दोष दाखवला, त्यात बाहेरचा माणूस तुमच्या डोंगलला खोटी बटणं दाबल्याचे सिग्नल पाठवू शकत होता.

यावरून डोंगलवाले सगळेच वाईट असं नाही. बॉक्सवर किंवा वेबसाईटवर एईएस १२८ बिट एन्क्रिप्शन असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर घ्या, काहीच लिहिलेलं नसेल तर त्या कीबोर्डवर बँकेचं काम करू नका. ब्लूटूथमध्ये कूटलेखन असतंच, पण तिथेही डिसेंबर २०२३ मध्ये एक दोष बाहेर आला ज्यात अँड्रॉइड, लिनक्स, मॅक आणि आयफोनला न विचारता खोटा कीबोर्ड जोडता येत होता, त्याचे अपडेट आलेत, म्हणून मोबाईलचे अपडेट टाळू नका. ज्यांच्याकडे रोज इतर लोकांच्या पैशांचं काम असतं, सीए आहेत, पतसंस्थेत आहेत, त्यांनी ऑफिसात सरळ वायरवाला वापरावा, मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

घेताना आणि घेतल्यावर

कीबोर्ड उलटा करा. भारतात वायरलेस कीबोर्डला बीआयएस या सरकारी मानक संस्थेची सक्तीची नोंदणी लागते, २०१२ च्या आदेशातल्या पहिल्या यादीतच तो होता, त्यामुळे खाली किंवा बॉक्सवर बीआयएसचं चिन्ह आणि आर ने सुरू होणारा नंबर पाहिजे. तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघता येतो. रस्त्यावरच्या स्वस्त मालावर हे काहीच नसतं.

टीव्हीसाठी हवा असेल तर टचपॅड जोडलेला डोंगलवाला घ्या, सोफ्यावर माऊस फिरवायला जागा नसते. आईवडिलांसाठी घेत असाल तर पेअरिंगच्या भानगडीत त्यांना घालू नका, डोंगलवाला घ्या, डोंगल पीसीला लावूनच द्या आणि सेल कुठून बदलायचे ते दाखवून द्या, बटणांवरची अक्षरं मोठी आणि ठळक आहेत का तेही बघा. मॅक आणि विंडोज दोन्ही वापरणाऱ्यांनी मॅक-विंडोज असा स्विच असलेला बघावा, नाहीतर अल्ट आणि कमांडची अदलाबदल डोक्याला ताप देते.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी प्रत्येक बटण तपासा, ऑनलाइन कीबोर्ड टेस्टर भरपूर आहेत, दाबलेलं बटण स्क्रीनवर रंगतं. मग तुम्ही नेहमी बसता तिथेच बसून, बाकीच्या सगळ्या वायरी, हार्ड डिस्क, राऊटर नेहमीसारखे चालू ठेवून, एक पानभर मजकूर टाईप करा, मराठी लिहीत असाल तर मराठीतच, य आणि च आणि ॉ भरपूर येतील असा. अक्षरं गळली तर आधी डोंगलची जागा बदलून बघा, तरी गळली तर लगेच परत करा, आणि रिटर्नची मुदत संपेपर्यंत बॉक्स, बिल आणि तो छोटा डोंगल जपून ठेवा.